विडंबन की विटंबना? बँक्सीच्या धार्मिक प्रिंट्सबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक चित्र लावलंय. हात पसरलेला येशू, मागे क्रॉस नाही आणि दोन्ही हातांत शॉपिंगच्या पिशव्या. घरी येणारा माणूस पाण्याचा ग्लास हातात घेतो, चित्राकडे बघतो आणि गप्प होतो, मग पाच मिनिटांनी पहिला प्रश्न येतो. मी कलासमीक्षक वगैरे नाही. आमचं शनिवार पेठेत लग्नपत्रिकांचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं, बाबा चालवायचे, मी शाळेतून आले की पत्रिका वाळत घालायला बसायचे, त्यामुळे शाई, कागद आणि कागदावरचा देव या तीन गोष्टींशी लहानपणापासून संबंध आला. तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय.

हे नक्की कोणाचं चित्र आहे आणि त्याला काय म्हणतात?

बँक्सी या ब्रिटिश स्ट्रीट आर्टिस्टचं. मूळचा ब्रिस्टल शहराशी जोडलेला, ओळख लपवून काम करणारा, भिंतीवर स्टेन्सिल (आकार कापून काढलेला पुठ्ठा) लावून स्प्रे मारणारा. या चित्राचं नाव 'क्राइस्ट विथ शॉपिंग बॅग्ज', २००४ चा स्क्रीन प्रिंट, फक्त ८२ कॉप्या काढल्या होत्या. लंडनमध्ये तो आणि त्याचे मित्र ख्रिसमसच्या आधी 'सांताज घेटो' नावाचं तात्पुरतं दुकान लावायचे, २००२ पासून काही वर्षं, तिथे हा प्रिंट विक्रीला आला. म्हणजे ख्रिसमसच्या खरेदीवर बोट ठेवणारं चित्र ख्रिसमसच्याच सीझनमध्ये, गिफ्ट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांच्या समोर मांडलं होतं, आणि मला वाटतं ते चित्र समजून घ्यायचं तर हा प्रसंग माहीत असायलाच हवा.

चित्रात बघायचं काय? मला तर एकदम धक्काच बसला.

धक्का बसू दे, पण मग जवळ जाऊन हात बघा. क्रॉस काढून टाकलाय तरी शरीर तसंच ताणलेलं आहे, मान तशीच झुकलेली, हात तसेच दोन्ही बाजूंना ओढलेले. मग या हातांवर वजन कशाचं आहे? पिशव्यांचं. पिशव्यांतून रिबीन बांधलेलं गिफ्ट डोकावतंय, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कँडी केन डोकावतेय. पिशव्या भरून वाहताहेत आणि माणूस मात्र रिकामा होत चाललाय.

मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला आमच्या आजीची आठवण आली, गौरी-गणपतीत दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन मंडईतून चालत यायची, बोटांवर पिशवीच्या बंदाचे लाल वळ उठलेले असायचे. सण कोणाच्या हातांवर येऊन पडतो ते मला त्या वळांवरून कळलं होतं. बँक्सीच्या डोक्यात अर्थातच आमची आजी नव्हती, त्याला ब्रिटनमधला ख्रिसमस दिसत होता. पण चांगलं चित्र असंच दुसऱ्याच्या घरात शिरतं.

पण ही देवाची चेष्टा नाही का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर मी घाईघाईत देत नाही.

मराठीत दोन शब्द आहेत, विडंबन आणि विटंबना. एकाच मुळातून आलेले, सख्ख्या बहिणी म्हणा ना, पण एकीला आपण हसून दाद देतो आणि दुसरीच्या नावाने मोर्चा निघतो. दोन्हीत एखाद्या गोष्टीचं रूप बदललेलं असतं. फरक कुठे आहे तर मार कोणावर बसतो यात. मी दर वेळी एवढंच बघते की या चित्रात लाज कोणाला वाटायला हवी? क्राइस्ट विथ शॉपिंग बॅग्जमध्ये लाज येशूला वाटायचं काहीच कारण नाही, त्याला ज्यांनी पिशव्या धरायला लावल्या त्यांना वाटायला हवी. तो इथेही सोसतोच आहे, त्याच्या हातून काही वाईट होताना दाखवलेलं नाही. त्याची करुणा चित्रात शाबूत आहे, किंबहुना ती शाबूत नसती तर चित्र चाललंच नसतं.

वसईची माझी एक मैत्रीण आहे, तिच्या आईला मी हे चित्र दाखवायला घाबरत होते. मावशी दर रविवारी चर्चला जाणाऱ्या, गळ्यात रोझरी. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, आमचे फादर अ‍ॅडव्हेंटमध्ये, ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यांत, दर वर्षी हेच तर सांगतात, फक्त त्यांचं कोणी ऐकत नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण मी घरात नाही लावणार हां." मला दोन्ही वाक्यं तितकीच खरी वाटतात. एखाद्या माणसाला पटूनही ते भिंतीवर नको असू शकतं आणि त्याचा मान ठेवायला हवा.

अशी अजून कुठली चित्रं आहेत?

बरीच आहेत, पण दोन सांगते.

'टॉक्सिक मेरी', २००३. मांडीवर बाळ घेतलेली मदर मेरी, अगदी जुन्या इटालियन चित्रांतल्यासारखी, डोक्यावरून पदर घेतल्यासारखं वस्त्र, शांत चेहरा. आणि ती बाळाला बाटलीने दूध पाजतेय त्या बाटलीवर कवटी आणि हाडांची खूण, विषाच्या बाटलीवर असते ती. आईचा चेहरा बघितला तर ती काही वाईट हेतूने पाजत नाहीये, तिला ते दूधच वाटतंय. कोणी याचा अर्थ धर्म पिढ्यानपिढ्या विष पाजतो असा लावतात, कोणी म्हणतात की आपण प्रेमाने मुलांना जे जे देतो त्यात काय काय मिसळलेलं असतं त्याबद्दल आहे. पहिला अर्थ घेतला तर हे चित्र शॉपिंग बॅग्जपेक्षा खूपच कडक आहे आणि इथे मावशींसारख्या श्रद्धाळू बाईला लागेलच, ते मी नाकारणार नाही. मला स्वतःला दुसरा अर्थ जवळचा वाटतो कारण मी आई आहे आणि आपल्याला वारशात मिळालेली भीती, जात, सोवळं-ओवळं हे सगळं आपल्याला कोणी रागाने पाजलेलं नसतं, मांडीवर घेऊन मायेनेच पाजलेलं असतं.

दुसरं 'सेल एंड्स'. २००६ मध्ये लॉस एंजेलिसला त्याचं 'बेअरली लीगल' नावाचं प्रदर्शन झालं, तेव्हा सहा प्रिंट्सचा सेट निघाला, प्रत्येकी १०० कॉप्या, त्यातलं हे एक. येशूला क्रॉसवरून उतरवतात त्या प्रसंगाच्या जुन्या चित्रांमध्ये बायका गुडघ्यावर बसून, हात वर करून आकांत करत असतात. इथे त्याच बायका, तेच अंगावरचे घोळदार कपडे, तोच आकांत, फक्त समोर येशू नाही, एक पाटी आहे, आज सेल संपतोय अशा अर्थाची. २०१७ मध्ये याचीच दुसरी आवृत्ती निघाली, ५०० कॉप्यांची.

हे बँक्सीनेच सुरू केलं का?

छे. छापील चित्र आणि धर्मावरची टीका ही जोडी छपाईइतकीच जुनी आहे म्हणायला हरकत नाही. १५२१ मध्ये जर्मनीत विटेनबर्गला लुकास क्रानाख या चित्रकाराच्या लाकडी ठशांनी एक पुस्तिका छापली गेली, त्यात १३ जोड्या, एका पानावर येशू आणि शेजारच्या पानावर पोप. एकीकडे येशू शिष्यांचे पाय धुतोय, दुसरीकडे पोप लोकांना पाय चुंबायला लावतोय. बघा, टीका करणाऱ्याने येशूला हात लावलेला नाही, त्याच्या नावाने खुर्चीवर बसलेल्याला लावलाय. पोपविरुद्ध उभ्या राहिलेल्या मार्टिन ल्यूथरच्या बाजूची ही मंडळी, म्हणजे स्वतः कट्टर श्रद्धाळू.

मग जॉर्ज ग्रोस, बर्लिनचा. त्याने १९२८ मध्ये क्रॉसवरच्या येशूच्या तोंडाला गॅस मास्क आणि पायात लष्करी बूट घातलेलं चित्र काढलं, खाली ओळ, तोंड बंद ठेवा आणि हुकूम पाळत राहा अशा अर्थाची. पहिल्या महायुद्धात पाद्री लोक सैनिकांना धर्माच्या नावाने खंदकात पाठवत होते त्याचा राग होता त्यात. त्याच्यावर ईशनिंदेचा खटला झाला, आधी दंड झाला, मग वरच्या कोर्टांत वर-खाली होत शेवटी तो सुटला.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर कोलकात्याला कालीघाटच्या देवळाबाहेर १९व्या शतकात यात्रेकरूंना स्वस्तातली चित्रं विकली जायची, देवीदेवतांची, आणि त्याच दुकानांत मांजराचं चित्र पण मिळायचं, कपाळावर वैष्णवाचा टिळा लावलेलं आणि तोंडात मासा किंवा कोळंबी धरलेलं. ढोंगी साधू. देवळाच्या दारात, भाविकांनाच विकलेलं. आपल्याकडे एकनाथांच्या भारुडांपासून गाडगेबाबांच्या कीर्तनापर्यंत हेच तर चाललं होतं. गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांनाच उलट प्रश्न विचारायचे. त्यांना कोणी देवद्रोही म्हणत नाही.

स्टेन्सिलच्या बाबतीत बँक्सीच्या आधीचा माणूस म्हणजे पॅरिसचा ब्लेक ल रॅट. त्याने १९९१ मध्ये लाइपझिगमध्ये एका घराच्या भिंतीवर काराव्हाज्जो या जुन्या इटालियन चित्रकाराच्या चित्रावरून मेरी आणि बाळ काढलं होतं, आपल्या होणाऱ्या बायकोला अर्पण केलेलं. ते पोस्टरांखाली झाकून गेलं, २०१२ मध्ये परत सापडलं आणि आता काचेमागे जपलंय. त्यात टीका वगैरे काही नाही, निव्वळ प्रेम आहे. पण रस्त्यावरच्या भिंतीवर देवाची आई स्प्रेने काढता येते आणि ती सुंदर दिसते हे त्याने दाखवलं.

भिंतीवरचं चित्र आणि प्रिंट यात काय फरक, शेवटी चित्र तेच ना?

चित्र तेच पण शेजार बदलतो, आणि या प्रकारात शेजारालाच महत्त्व आहे.

इटलीतल्या नेपल्सचं उदाहरण घ्या. जुन्या शहरात जिरोलामिनी चौकात बँक्सीची एक मॅडोना आहे, डोक्यामागे जिथे तेजोवलय असायला हवं तिथे पिस्तूल. आणि तिच्या बाजूलाच भिंतीत लोकांनी श्रद्धेने बसवलेलं मेरीचं छोटं देऊळ आहे. नेपल्समध्ये गल्लोगल्ली अशी देवळं आणि त्याच गल्ल्यांमध्ये माफियाच्या गोळ्या, त्यामुळे तिथे ते पिस्तूल कोणाला समजावून सांगावं लागत नाही. स्थानिकांनीच त्या चित्रावर काच बसवून घेतली. त्याच शहरात त्याचं दुसरं एक चित्र होतं, भक्तीत तल्लीन झालेली संत बाई आणि हातात फास्ट फूड, ते २०१० मध्ये दुसऱ्या कोणीतरी रंग मारून घालवलं. भिंतीचं असंच असतं, आज आहे उद्या नाही.

प्रिंट मात्र घरात येतो. देव आपल्या घरात तरी कसा आला? प्रिंट होऊनच. राजा रवि वर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, तिथून लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घरोघरी गेली, ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्याही भिंतीवर गेली. दगडावरून, एकेक रंग वेगळा छापून काढलेला तो कागदच होता, पण लोकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, बायकांनी त्यावर जरतार आणि टिकल्या चिकटवल्या. म्हणून छापील देवाला आपण नुसता कागद म्हणून बघूच शकत नाही आणि म्हणूनच त्यात कोणी बदल केला की आपल्याला इतकं लागतं. हे लागणं मला खोटं वाटत नाही.

स्क्रीन प्रिंट म्हणजे आपल्या लग्नपत्रिकेसारखंच का?

हो, तंत्र तेच! याचा मला फार आनंद आहे. लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, त्यावर ताणलेलं बारीक जाळीचं कापड, त्यावर इमल्शन (उजेडाने घट्ट होणारा लेप) लावायचं, वर डिझाइनची पॉझिटिव्ह ठेवून लाइटवर एक्सपोज करायचं, पाण्याने धुतलं की जिथे डिझाइन आहे तिथली जाळी मोकळी होते. मग शाई टाकून स्क्विजी, म्हणजे रबरी पट्टी, ओढायची, शाई मोकळ्या जागेतून खाली कागदावर उतरते. एका रंगाला एक स्क्रीन. चार रंग म्हणजे चार वेळा तोच कागद, आणि दर वेळी तो केसभरही हलता कामा नये, नाहीतर रजिस्टर, म्हणजे रंगांची जुळणी, जातं आणि गणपतीचा मुकुट डोक्यापासून सुटलेला दिसतो.

बाबांचा हात असा होता की स्क्विजी एकाच दाबाने, एकाच कोनात ओढायचे, शंभरावी पत्रिका पहिलीसारखीच. मला अजून तो आवाज ऐकू येतो, ओल्या शाईवर रबर घसरतं त्याचा, आणि मग कापड कागदापासून सुटतं तेव्हाचा बारीक चर्र. स्टेन्सिलवाल्या चित्रकारांना हे तंत्र जवळचं वाटणं साहजिक आहे कारण स्क्रीन म्हणजे शेवटी कापडावरचं स्टेन्सिलच, आणि सपाट रंग, कडक कडा, दोन-तीन छटा यातच त्यांचं सगळं काम. टॉक्सिक मेरीत अंगाखालून रंग ओघळल्यासारख्या रेषा आहेत ना, त्या भिंतीवर स्प्रे जास्त झाला की येतात तशा, पण इथे त्या मुद्दाम डिझाइनमध्ये घेऊन स्क्रीनवर चढवल्यात.

खरा प्रिंट आणि नकली प्रिंट कसा ओळखायचा? मला एकाने खूप स्वस्तात देतो म्हटलंय.

घेऊ नका, इतकंच पुरेसं आहे पण कारण पण सांगते.

बँक्सीचे सुरुवातीचे बहुतेक प्रिंट्स 'पिक्चर्स ऑन वॉल्स' या लंडनच्या छोट्या प्रकाशनाने काढले, २००३ पासून. टॉक्सिक मेरीच्या १५० सह्या असलेल्या आणि ६०० बिनसहीच्या कॉप्या आहेत. २००८ पासून खरेखोटेपणा ठरवायचं काम 'पेस्ट कंट्रोल' ही त्याची स्वतःची संस्था करते, दुसऱ्या कोणाचंही सर्टिफिकेट चालत नाही. त्यांच्या सर्टिफिकेटला एक अर्धी फाडलेली नोट लावलेली असते, ती १० पौंडांची खोटी नोट आहे, २००४ मध्ये त्याने काढलेली, राणीच्या जागी प्रिन्सेस डायना आणि बँक ऑफ इंग्लंडच्या जागी 'बँक्सी ऑफ इंग्लंड'. फाटलेल्या कडेवरून हाताने आकडा लिहिलेला असतो, नोटेचा उरलेला अर्धा तुकडा पेस्ट कंट्रोलकडे. दोन तुकडे आणि वरचा आकडा जुळला तर सर्टिफिकेट खरं. भिंतीवरून कापून काढलेल्या चित्रांना ते सर्टिफिकेट देत नाहीत.

मी स्वतः एकदा फसले आहे. ऑनलाइन एकाकडून 'ओरिजिनल स्क्रीन प्रिंट' म्हणून घेतला, पार्सल उघडलं, भिंगाखाली धरला आणि रंगात बारीक ठिपके दिसले, चार रंगांची जाळी, म्हणजे साधं डिजिटल प्रिंटिंग. स्क्रीन प्रिंटमध्ये शाई सलग बसते, तिरकं धरून बघितलं तर कागदावर थर दिसतो, नखाला कड लागते. स्क्रीन प्रिंटवाल्याची मुलगी असून विकत घ्यायच्या आधी भिंगातून फोटो पाठव असं म्हणायचं मला सुचलं नाही याचं अजून वाईट वाटतं. तुम्ही ते नक्की मागा.

बाजारावर टीका करणारी चित्रं लाखो-करोडोंना विकली जातात, हे कसं काय?

हा आक्षेप खरा आहे आणि मला तो छळतो. सुरुवातीला यातले बिनसहीचे प्रिंट्स शंभर पौंडांच्या आत मिळायचे, विद्यार्थ्याला परवडतील असे, हेतूच तो होता. मग तेच लोक ते लिलावात नेऊ लागले. पिक्चर्स ऑन वॉल्सने २०१७ च्या शेवटी दुकान बंद केलं तेव्हा कारण हेच दिलं की आपली कला पण शेवटी खरेदी-विक्रीचा माल झाली. मला यात एक दुःख दिसतं, म्हणजे हातात पिशव्या घेतलेला येशू स्वतःच कोणाच्यातरी पिशवीत गेला.

त्यावर त्याने एकदा चांगला उपाय केला होता असं मला वाटतं. २००७ चा सांताज घेटो लंडनला न लावता बेथलेहेमला लावला, येशूच्या जन्मस्थानी, मँजर स्क्वेअरमध्ये. विकत घ्यायचं असेल तर तिथे यावं लागेल, फोनवर मिळणार नाही. त्यामुळे पैसेवाल्या खरेदीदारांना इस्रायलने बांधलेली ती भिंत, ते चेकपोस्ट ओलांडून यावं लागलं आणि तिथल्या हॉटेलांत राहावं लागलं.

पुढे २०१७ मध्ये त्याच गावात इस्रायलने बांधलेल्या भिंतीच्या अगदी समोर त्याने 'वॉल्ड ऑफ हॉटेल' उघडलं. २०१९ च्या ख्रिसमसला तिथे एक गव्हाणीचा देखावा ठेवला, 'स्कार ऑफ बेथलेहेम', आपल्याकडेही ख्रिश्चन घरांत करतात तसाच, मेरी, जोसेफ, बाळ, गाय. मागे मात्र काँक्रीटची भिंत आणि वर जिथे तारा असतो तिथे गोळ्याने पडलेलं भगदाड, ताऱ्याच्याच आकाराचं. मला विचाराल तर त्याच्या धार्मिक कामांमधलं हे सगळ्यात श्रद्धाळू काम आहे. यात एकाही पवित्र आकृतीला धक्का नाही. त्या बाळाचा जन्म आज झाला असता तर याच भिंतीच्या सावलीत झाला असता एवढंच ते सांगतं.

तो फक्त ख्रिश्चन धर्माच्याच मागे का लागतो? हिंमत असेल तर दुसऱ्या धर्माचं काढून दाखव म्हणावं.

हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय! माणूस आपल्या घरातल्या गोष्टींवर बोलतो, त्याचं घर ब्रिटन. ज्या घरात आपण वाढलो तिथलंच विडंबन आपल्याला जमतं कारण काय मोडतोय ते आपल्याला माहीत असतं. एकनाथांनी भारुडं इथल्या जोशी, गोंधळ्यांवर केली, रोमच्या पोपवर नाही केली. तरी माहितीसाठी, २००८ मध्ये लंडनच्या लीक स्ट्रीटच्या बोगद्यात स्टेन्सिल कलाकारांचा 'कॅन्स फेस्टिव्हल' झाला तिथे त्याने ध्यानाला बसलेला जखमी बुद्ध काढला होता, गळ्याला पट्टा, हाताला बँडेज. मारलेला, पण उठून न गेलेला. तिथेही लाज मारणाऱ्याला आहे.

भारतात असं काही छापलं किंवा विकलं तर केस होऊ शकते का?

होऊ शकते. मी वकील नाही, पण ढोबळ सांगते. धार्मिक भावना जाणूनबुजून, दुष्ट हेतूने दुखावण्याबद्दलचं भारतीय दंड संहितेतलं कलम २९५अ हे १९२७ पासून होतं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम २९९ झालं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कायद्यात हेतू महत्त्वाचा आहे पण तो कोर्टात सिद्ध होईपर्यंत वर्षं जातात. आणि दुसऱ्याच्या किंवा सरकारी भिंतीवर परवानगीशिवाय रंगवलं तर महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा कायदा वेगळा आहेच.

एक तारीख माझ्या डोक्यात पक्की बसलीय, ८ मे २००८. त्या दिवशी दिल्ली हायकोर्टाने एम. एफ. हुसेन यांच्यावरचे, भारतमाता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्राबद्दलचे खटले रद्द केले. आणि त्याच दिवशी तिकडे ब्रिटनमध्ये इंग्लंड-वेल्समधला ईशनिंदेचा जुना गुन्हा रद्द करणाऱ्या कायद्यावर राणीची मोहोर उठली. निव्वळ योगायोग. पण पंढरपुरात जन्मलेला, मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून मोठा झालेला हा माणूस खटला जिंकूनही घरी येऊ शकला नाही, २०११ मध्ये लंडनला वारला. हुसेनांची सगळी चित्रं मला पटतात असं नाही. पण चित्र न पटणं आणि म्हाताऱ्या चित्रकाराला देश सोडावा लागणं यात काही प्रमाण असावं की नाही?

मग तुला कशाने राग येतो? तुझी काही रेघ आहे का?

आहे. पुण्या-मुंबईत कुठल्याही जुन्या बिल्डिंगचा जिना चढा, कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावलेल्या असतात, गणपती, साईबाबा, क्रॉस, मक्का-मदिना, सगळे ओळीने, गुडघ्याच्या उंचीवर. का? तर लोकांनी तिथे थुंकू नये म्हणून. आणि तरी कोणीतरी शेजारी थुंकतंच, ओघळ टाइलच्या कडेला लागलेला असतो. देवाला पिचकारीच्या रखवालीला बसवलंय आपण, यावर कोणाच्या भावना दुखावत नाहीत. मला तिथून जाताना खरंच वाईट वाटतं, मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीन वेळा हा विषय काढला, शेवटी टाइल्स काढून तिथे ट्यूबलाइट आणि कचऱ्याचा डबा ठेवला आणि थुंकणं बरंच कमी झालं.

दुसरी रेघ म्हणजे ज्या समाजाला आधीच रोज मार बसतोय त्याच्या श्रद्धेवर बाहेरच्याने येऊन मारलेला शेरा. ते विडंबन मला बघवत नाही, मग ते कितीही हुशारीचं असो.

घरी छापून लावलं तर चालतं का?

स्वतःपुरतं, पैसे न कमावता छापायला बँक्सीची हरकत नाही, पेस्ट कंट्रोलनेच तसं जाहीर केलेलं आहे, अगदी आपल्या पडद्यांच्या रंगाला मॅच करून छापा इथपर्यंत. विकायचं मात्र नाही. माझा हॉलमधला प्रिंट मी तसाच काढलाय, बाबांच्या जुन्या फ्रेमवर, दोन स्क्रीनमध्ये. लावताना काचेला चिकटवू नका, मध्ये माउंट बोर्डाची जागा सोडा, पावसाळ्यात कागद काचेला धरतो आणि बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. समोरून ऊन येणारी भिंत टाळा. आणि घरात मोठी माणसं असतील तर लावायच्या आधी त्यांना दाखवा, विचारा. आमच्याकडे आईने एकच अट घातली, देवघराच्या भिंतीला नको. म्हणून सोफ्याच्या वर.

छापताना खराब निघालेल्या कॉप्यांचं काय करतेस?

हा प्रश्न फक्त एकाच मुलीने विचारला, माझ्या भाचीने, पण मला तो सगळ्यात आवडला.

लग्नपत्रिकांच्या धंद्यात वेस्टेज निघतंच, शंभराला पाच-सात. पत्रिकेवर वर गणपती. रंग फाटला, मुकुट सरकला, सोंड पुसली गेली तरी बाबा ती पत्रिका रद्दीत देत नसत. गणपतीचा भाग कात्रीने कापून एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे आणि उरलेला कागद रद्दीत. डबा भरला की अनंत चतुर्दशीला घरच्या गणपतीबरोबर विसर्जनाला. बाबा काही फार देवदेव करणारे नव्हते, मंगळवारचा उपास सुद्धा करायचे नाहीत. मी विचारलं होतं, तर म्हणाले, माझ्याकडून चुकलं, त्याच्याकडून नाही.

पिशव्यांवाल्या येशूच्या माझ्या चार कॉप्या बिघडल्या. एकीत रजिस्टर गेलं आणि पिशव्या हातांपासून सुटून हवेत राहिल्या, हात मोकळे दिसतात. त्या चारही त्याच डब्यात आहेत, गणपतींच्या वर.